गर्भाशय शाबूत आहे, मग रक्त कुठलं?

आठव्या महिन्यातली बाई पोटात कळ येऊन कोसळते. नाडी पळू लागते, रक्तदाब उतरतो. सलाईन लावल्यावर दाब वर येतो, बाई बोलू लागते आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूला कुणीतरी सांगतं, ‘आता बरी आहे.’ ज्या आजाराबद्दल आज लिहितोय, त्यात ही बातमी सगळ्यात फसवी असते.

प्लीहेला रक्त पुरवणाऱ्या धमनीला फुगा येतो. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. १७७० मध्ये बोसिए यांनी शवविच्छेदनात तो पाहून नोंदवला. ही धमनी जठराच्या मागे, स्वादुपिंडाच्या वरच्या काठाने नागमोडी जाते. फुगा बायकांत पुरुषांच्या साधारण चौपट आढळतो, त्यातही अनेक बाळंतपणं झालेल्यांत अधिक. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी धमनीची भिंत सैलावते, अंगातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि शेवटच्या तिमाहीत फुगा फुटण्याचा धोका वाढतो.

सुमारे चौथाई रुग्णांत तो जणू दोनदा फुटतो. पहिलं रक्त जठरामागच्या बंदिस्त पोकळीत साठतं. तिथे दाब वाढला की गळती आपोआप थांबते. सलाईनला आलेलं यश हे असं असतं. मग काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, तो बांध सुटतो आणि विन्स्लोच्या छिद्रातून रक्त सगळ्या पोटात पसरतं. त्यानंतर हाती मिनिटंच उरतात. जुन्या संकलित नोंदींत अशा गरोदर मातांपैकी सुमारे ७५ टक्के दगावल्या आणि बाळं तर ९० टक्क्यांहून अधिक. (वाचलेल्यांच्या कहाण्या नियतकालिकांत आवर्जून छापल्या जातात, न वाचलेल्यांच्या तितक्या नाहीत. म्हणून हे आकडेही मी जरा जपूनच वाचतो.)

निदान चुकतं त्याला कारण आहे. गरोदर बाई कोसळली की वार सुटली असेल किंवा गर्भाशय फाटलं असेल, हेच आधी मनात येतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन सिझेरियन होतं, पोट रक्ताने भरलेलं दिसतं, पण गर्भाशय धडधाकट. पेच इथे आहे. त्या क्षणी छेद वर वाढवून डाव्या बरगड्यांखाली बघायचं, की रक्त पुसून पोट शिवायचं? कळ डावीकडे वर होती का, डावा खांदा दुखत होता का, हे आधीच विचारलेलं असेल तर निर्णय सोपा जातो. श्वासपटलाखाली साचलेल्या रक्ताने खांदा दुखतो. बाईने ते सांगितलेलंही असतं, पण खांद्याच्या दुखण्याकडे लक्ष कोण देतो!

पुढचं काम सर्जनचं. आधी श्वासपटलालगत महाधमनी हाताने किंवा चिमट्याने दाबायची, म्हणजे भूलतज्ज्ञाला रक्त चढवायला उसंत मिळते. मग जठराखालचा पडदा उघडून मागच्या पोकळीत शिरायचं आणि फुग्याच्या दोन्ही बाजूंनी धमनी बांधायची. फुगा धमनीच्या मधल्या भागात असेल तर जठराकडून येणाऱ्या लहान वाहिन्यांवर प्लीहा जगू शकते. बहुतेकदा तो प्लीहेच्या तोंडाशीच असतो, तेव्हा प्लीहाही काढावी लागते.

कॅथलॅबमध्ये मांडीतून तार घालून फुगा कॉइलने बुजवता येतो. रुग्ण स्थिर असेल तर तो उत्तम मार्ग. पण दाब सारखा कोसळत असताना कॅथलॅब मोकळी होण्याची वाट बघणं मला पटत नाही. नव्या तंत्राच्या कौतुकात चाकूला जुनाट ठरवायची घाई झाली आहे. आणि रक्त? ग्रामीण रुग्णालयातून बाईला ‘पुढे न्या’ म्हणताना पुढच्या ठिकाणी फोन करून रक्तगट कळवला आणि चार पिशव्या तयार ठेवायला सांगितलं, तर त्या फसव्या विश्रांतीचं थोडं तरी चीज होतं.

वाचक विचारतील, इतक्या सोनोग्राफ्या होतात, त्यात हे दिसत नाही? त्या बाळासाठी असतात. शिवाय आतड्यातला वायू ही धमनी झाकून टाकतो. इतक्या दुर्मीळ आजारासाठी प्रत्येक गर्भवतीची तपासणी करा, असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत डाव्या बाजूला अशा फुग्याची चुन्याची कडी दिसली आणि बाई मूल होण्याच्या वयाची असेल, तर ‘लहान आहे, बघू’ चालणार नाही. अमेरिकेतल्या व्हॅस्क्युलर सर्जनांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं अशा बाईच्या फुग्यावर, आकार कितीही असो, उपचार करायलाच सांगतात.

प्लीहा काढलेल्या बाईच्या डिस्चार्ज कार्डावर तसं ठळक लिहिलेलं हवं. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लसी तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी द्यायच्या असतात. त्यानंतरही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, आणि मलेरियाच्या भागात राहत असेल तर रक्ततपासणीही त्याच दिवशी.