खिशातले राक्षस आणि हरवलेले शिवार

मोबाइलवर चित्रविचित्र प्राणी पकडणारी मुले दिसली की आपल्या पुष्कळशा कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'परदेशी भांडवलाने पोरांना चारलेली अफू' एवढे म्हटले की प्रश्न निकालात निघाला, अशी समजूत आहे. परंतु 'पोकेमॉन' या खेळाचा जन्म ज्या परिस्थितीत झाला ती परिस्थिती चाकण पट्ट्यातील कामगाराला चांगलीच ओळखीची आहे.

या खेळाचा जनक सातोशी ताजिरी (जन्म १९६५) टोकियोच्या माचिदा उपनगरात वाढला. लहानपणी त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढत गेले, शेते आणि तळी बुजवून तिथे रस्ते व इमारती आल्या, आणि किडे नाहीसे झाले. पुढच्या पिढीला तो आनंद निदान यंत्राच्या पडद्यावर तरी मिळावा, या कल्पनेतून १९९६ च्या फेब्रुवारीत निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातातल्या यंत्रासाठी 'पॉकेट मॉन्स्टर्स' बाजारात आला. म्हणजे भांडवली विकासाने आधी शिवार हिरावले आणि मग त्याच शिवाराची आठवण किंमत लावून विकली.

तथापि, खेळाच्या रचनेत एक विलक्षण गोष्ट होती. त्याच्या लाल व हिरव्या अशा दोन आवृत्त्या निघाल्या. काही प्राणी एकीत, तर काही दुसरीत. दोन यंत्रे तारेने जोडून मित्राशी देवघेव केल्यावाचून संग्रह पुरा होत नसे. (यामुळे दोन्ही आवृत्त्या खपत, हे व्यापारी गणित अर्थातच होते.) त्यातला 'मॅचोक' हा प्राणी पुढे हमालाच्या रूपात रंगवला गेला. तो जड ओझी आनंदाने वाहतो. मजुरीचा उल्लेख कुठेच नाही! पण एकट्या मालकापाशी राहून, कितीही लढाया जिंकल्या तरी, त्याची पुढची वाढ होत नसे. सोबत्याच्या हाती सोपवल्यावरच त्याला चार हात फुटत.

२०१६ साली हाच खेळ 'पोकेमॉन गो'च्या रूपाने रस्त्यावर आला. भारतात तो अधिकृतपणे आला त्या वर्षाच्या डिसेंबरात, रिलायन्स जिओच्या सहकार्याने, आणि रिलायन्सची दुकाने खेळातील ठाणी बनली. मंदिरे, पुतळे, उद्याने ही सार्वजनिक ठिकाणे नकाशावर चढली. त्यांतील असंख्य ठिकाणे खेळाडूंनीच विनामोबदला नोंदवली होती. खेळाडूंनी केलेल्या चित्रणाचा उपयोग जगाचे संगणकीय प्रारूप घडवण्यासाठी होत असल्याचे नायान्टिक कंपनीने २०२४ मध्ये सांगितले. २०२५ मध्ये तिचा खेळांचा व्यवसाय ३५० कोटी डॉलरांना सौदी सरकारी निधीच्या मालकीच्या स्कोप्ली कंपनीकडे गेला. श्रम सर्वांचे, मालकी मात्र एकाची, हा जुनाच व्यवहार येथे खेळाचा वेष घेऊन आला आहे.

आता खेड तालुक्यातील निघोजे पाहा. या गावाच्या शिवारात २००९ साली फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले, महिंद्राचाही मोठा कारखाना आला. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारातून आलेली कंत्राटी माणसे चाकण पट्ट्यातल्या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. बाप रात्रपाळी करून दिवसा झोपलेला असला की मुलाला गप्प बसवण्यासाठी मोबाइल हाती देणे भाग पडते. बाहेर खेळायला जावे तर रस्त्यावर कंटेनरांची रांग. त्या मुलाला उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे?

कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात वेतनवाढ, कायम नेमणूक, कँटीन, बस ही कलमे असतात व असलीच पाहिजेत. मुलांच्या मैदानाचे कलम मात्र सहसा आढळत नाही, कारण तो प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेरचा मानला जातो. फाटकाबाहेर ग्रामसभा आहे खरी. पण तिचे सभासदत्व गावच्या मतदारयादीवरून ठरते आणि परगावाहून आलेल्या भाडेकरू कामगाराचे नाव बहुधा त्या यादीत नसते. गावठाणालगत उरलेली मोकळी जागा खेळासाठी राखावी, हा ठराव त्याच्या वतीने मांडायचा तर गावातल्या मतदार कार्यकर्त्यालाच उभे राहावे लागेल, आणि तेही ती जागा गाळ्यांसाठी जाण्यापूर्वी.