पाद्र्यांनी म्हणे प्रार्थनाच करावी!

"धर्मगुरूंनी रस्त्यावर उतरू नये," असं काल ग्रुपवर एकाने ऐकवलं. डीपीला कोण? मार्टिन ल्यूथर किंग! अहो, ते पाद्रीच होते.

१९६३ साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी हेच पत्रक काढलं होतं. निदर्शनं अवेळी आहेत, कोर्टात जा. किंगनी तुरुंगातून उत्तर लिहिलं.

आणि त्याच गावचे पाद्री फ्रेड शटल्सवर्थ? (आपल्याकडे हे नाव कुणाला ठाऊकच नाही.) १९५६ च्या नाताळच्या रात्री त्यांचं घर सुरुंगाने उडवलं. दुसऱ्या दिवशी गडी माणसं घेऊन बसमध्ये हजर, गोऱ्यांच्या सीटवर! पुढच्या वर्षी मुलींना गोऱ्यांच्या शाळेत घालायला गेले, तर जमावाने साखळ्यांनी बडवलं.

नुसत्या प्रार्थनेने त्या सीटा मोकळ्या झाल्या असत्या का? नसत्या वाटत, तर डीपी तरी बदला राव.