विश्लेषण : ‘चार्ज’ म्हणजे नेमके काय?

मोबाइल ‘चार्ज’ होतो, अधिकारी ‘चार्ज’ घेतो, बँक ‘चार्जेस’ कापते, पोलीस लाठी‘चार्ज’ करतात. एकाच इंग्रजी नामाला इतके अर्थ कसे? हा शब्द लॅटिनमधील गाडीवाचक शब्दावरून, गाडीत माल भरणे या अर्थाने, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्यातला भार सर्व अर्थांत राहिला. मराठीनेही तोच धागा धरला : विद्युतभार, पदभार, अधिभार. सातबाऱ्यावर चढणारा सोसायटीच्या कर्जाचा ‘बोजा’ही कायद्याच्या भाषेत ‘चार्ज’च.

खरा घोळ होतो तो फौजदारी प्रकरणांत. तपास संपला की पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार न्यायालयाला अहवाल देतात. त्यालाच आपण ‘चार्जशीट’, म्हणजे आरोपपत्र म्हणतो. तो पोलिसांचा निष्कर्ष असतो. कायद्यातला ‘चार्ज’ त्यानंतर न्यायालय ठेवते. सत्र खटल्यात त्यासाठी दोन्ही बाजू ऐकल्या जातात. पुरेसा आधार नसेल, तर आरोपी तेथेच ‘डिस्चार्ज’, म्हणजे दोषमुक्त होतो. आधार असेल, तर आरोप निश्चित होतात. साक्षीपुरावे त्यापुढे आणि निकाल सर्वांत शेवटी.

तरीही ‘चार्जशीट दाखल’ एवढ्यावरच अनेकांची नोकरी जाते, ठरलेली सोयरीक मोडते. आरोपपत्र, आरोपनिश्चिती आणि दोषसिद्धी या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. बातमी देणाऱ्याने त्यातली नेमकी कोणती ते सांगावे आणि वाचणाऱ्याने ते विचारावे.