पाठ थोपटू नका!

२०२५ च्या सप्टेंबरात एस. एल. भैरप्पा गेले, तेव्हा आमच्या घरात कुणी आप्त गेल्यासारखं वाटलं. ‘वंशवृक्ष’ आम्ही दोनदा वाचलेली. आधी आपल्या बेळगावच्याच उमा कुलकर्णींच्या मराठीत, मग हट्टानं कानडीत. त्यांच्या आठवणीखातर मी १९६१ ची ‘धर्मश्री’ कानडीतून वाचायला घेतली. स्पष्टच सांगतो, निराश झालो.

सत्या ख्रिस्ती मुलीशी लग्न करण्यासाठी धर्म सोडतो, तळमळतो, अखेर परततो. विषय केवढा मोठा! पण माणसं एकमेकांशी बोलण्याऐवजी व्याख्यानं देतात. निकाल आधीच ठरलेला, साक्षीपुरावे मागून, तेही एकाच बाजूचे. सत्याच्या घालमेलीला पानंच्या पानं. तिच्या मनाला मात्र कोपरा.

आता चारच वर्षांनी आलेली ‘वंशवृक्ष’ पाहा. पुनर्विवाह करणाऱ्या कात्यायनीला लेखक कठोरपणे वागवतो, हे खरं. पण तो श्रीनिवास श्रोत्रींनाही सोडत नाही. ज्या कुळाचा जन्मभर अभिमान बाळगला, त्या कुळाचं रक्तच आपल्या अंगात नाही, हे त्यांना उतारवयात कळतं. आपल्याच लाडक्या माणसाच्या पायाखालची जमीन काढून घ्यायला छाती लागते. ‘धर्मश्री’त ती नाही. अभ्यासक म्हणतात, पुढच्या वृक्षाचं बीज इथंच आहे. असेल; पण म्हणून कोय चघळून आंबा गोड म्हणायचा काय?

गल्लीत हे बोललो, तर शेजारचे कानडी मास्तर दुखावले. ‘आमचा लेखक मोठा झालेला तुम्हाला बघवत नाही,’ म्हणाले. त्याहून वाईट वाटलं ते दोघा-तिघा मराठी मित्रांनी पाठ थोपटली तेव्हा. ‘बरं झालं, एकदाचं सुनावलंत!’ अहो, कुणाला सुनावलं? मी पुस्तकाबद्दल बोलत होतो, सीमेबद्दल नव्हे. खांडेकरांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ (१९३०) आज माझ्याच्यानं वाचवत नाही, असं याच मंडळींना सांगितलं होतं, तेव्हा का नाही कुणी पाठ थोपटली? उलट चहा अर्धा टाकून उठले होते!

मास्तरांना मी माझी ‘धर्मश्री’ची प्रत दिली आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. भांडायचं तर पान उघडून भांडा, म्हटलं. ते कानडीत बोलतील, मी मराठीत उत्तर देईन. आजवर असंच चालत आलंय. महिना झाला, प्रत अजून त्यांच्याकडेच आहे.