खड्डा त्यांचा, गाळ आमचा

आमच्या वस्तीत पाऊस आभाळातून कमी आणि वरच्या कॉलनीतून जास्त येतो. मृग लागला की आई पिठाचा डबा बाजेवर ठेवते, बाबासाहेबांची तसबीर एक खिळा वर टांगते आणि म्हणते, "आता बंगलेवाल्याचं पानी येतंय बघ." तिला नगररचना कळत नाही. उतार कळतो.

वरच्या मोठ्या इमारतींना परवानगी मिळते ती नकाशात एक खड्डा दाखवून. गच्चीचं पाणी पन्हाळीतून त्यात यावं, दगड, खडी, वाळूतून जमिनीत मुरावं. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत हे सगळं लिहून ठेवलंय. 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नवं बांधकाम करताना ही सोय सक्तीची. नुसती बांधून भागत नाही. ती कायम नीट राखायची जबाबदारी मालकाची, सोसायटीची. राखली नाही तर दर 100 चौरस मीटर बांधकामामागं वर्षाला 1000 रुपयांपर्यंत आकारणी. म्हणजे हजार मीटरच्या इमारतीला फार तर दहा हजार. एवढीही रक्कम मागायला कुणी गेलेलं मी आजवर पाहिलं नाही.

परभणी जिल्ह्याची माती काळी. पाणी लागलं की फुगते आणि तोंड मिटते. खड्डा मुरुमापर्यंत नेला नाही, दरसाल त्यातला गाळ काढला नाही, तर पाणी मुरत नाही. ते रस्त्यावर येतं. रस्त्याकडेच्या नालीवर कुणी फरशी टाकून मोटारीसाठी उतार केलेला. मग पाण्याला एकच दार उघडं राहतं. आमचं.

आता कुणी शहाणा म्हणेल, पालिकांकडं माणसं कमी असतात. असतील. पण पत्र्याचं खोपट उभं राहिलं की त्याच कमी माणसांना पत्ता सापडतो, जेसीबी सापडतो, पोलीस बंदोबस्तही सापडतो. फक्त बंगल्याचा खड्डा सापडत नाही. आमचं घर म्हणजे अतिक्रमण. त्यांचं पाणी आमच्या चुलीत शिरलं तर ते निसर्गाचं संकट!

आणि समजा, एखाद दिवशी नोटीस निघालीच. मालक काय स्वतः घमेलं घेऊन उतरणार आहे? तो माणूस पाठवतो आमच्याकडं. माझ्या मावसभावाला असाच निरोप आला. "चल, पाचशे देतो, चेंबर मोकळं कर." मावशी दारात आडवी झाली. "उपाशी मरताव, पर उतरू नको रं बाळा."

मावशी भित्री नाही. तिला सोनपेठ आठवतं. 11 मे 2023 ला सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा शिवारात शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर गेले. पाचही मुसलमान. महार असो, मातंग असो, मेहतर असो की मुसलमान, खाली उतरवला जातो तो गरीबच.

2013 च्या कायद्यानं मैल्याच्या गटारात, टाकीत असं माणूस उतरवायला बंदी घातली. पण पावसाच्या नालीत म्हणे फक्त पाऊस वाहतो! संडासाचे पाइप तिच्यातच सोडलेले असतात. विषारी वायू कागद वाचत नाही. मुंबईत गोवंडीला 2019 मध्ये एका सोसायटीच्या टाकीत तीन कामगार मेले. जागा खाजगी, म्हणून सरकार हात झटकत होतं. 2021 मध्ये उच्च न्यायालयानं सरकारलाच भरपाई द्यायला लावली. सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये ठरवलेले दहा लाख 2023 मध्ये तीस लाख केले. मरणाचा भाव वाढला. उतरवणं थांबलं नाही.

कागदाचं कौतुक आम्हाला सांगू नका. 1923 मध्ये बोले यांचा ठराव झाला. 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. ओंजळभर पाण्यासाठी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना माणसं घेऊन चालत जावं लागलं. ठराव आणि अंमल यांच्यातलं अंतर आम्ही पायानं मोजलंय. तेव्हा आमच्या हातानं तुमचं तळं बाटत होतं. आज तुमच्या गटारानं आमचं घर भरलं तर कुणाला विटाळ होत नाही!

म्हणून आमचं मागणं साधं आहे. प्रत्येक खड्ड्याची यादी पालिकेच्या दारावर लावा. मृगाच्या आधी प्रत्येक खड्डा उघडून बघा. ज्यानं राखला नाही त्याच्याकडून आकारणी वसूल करा, आणि त्या पैशातून आमच्या वस्तीची नाली बांधा. गाळ यंत्रानं काढा, खर्च मालकाकडून घ्या. माणूस उतरवाल तर गुन्हा नोंदवा, मग ती नाली पावसाची असो की मैल्याची.

माहितीच्या अधिकारात मी अर्ज टाकलाय. वरच्या कॉलनीतले खड्डे किती, शेवटचे तपासले कधी, दंड किती घेतला. भावांनो, तुमच्याही वस्तीच्या वर एक कॉलनी असेलच. तुम्हीही अर्ज टाका. उत्तर नाही आलं, तर पुढच्या पावसात चुलीतला गाळ घमेल्यात भरू आणि ज्याचा त्याला नेऊन देऊ.