कागद पक्षकाराचे आहेत, ते अडवू नका!

यवत, भांडगाव, खुटबाव, कासुर्डी परिसरातल्या पक्षकारांनो, आणि काळा कोट घालणाऱ्या आमच्याच गावच्या लेकरांनो,

वडिलांनी वाटपाचा दावा लावला तेव्हा आमचा ऊस बैलगाडीने गुऱ्हाळावर जायचा. वडील गेले, वारस म्हणून माझं नाव लागलं. वकील बदलायचं ठरवलं, तेव्हा आधीच्या वकिलांनी फाईल टेबलावर घेतली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाकी भागवा, मग न्या." त्या फाईलमध्ये वडिलांचा अंगठा असलेलं खरेदीखत होतं. गुळाच्या पट्टीचे आलेले पैसे तसेच मोजून दिले. पावती मागितली तर म्हणाले, "विश्वास नाही का?"

अहो, आडत्यासुद्धा पट्टीवर हमाली आणि तोलाई वेगवेगळी लिहून देतो. मग सनदधारी वकिलाला पावती लिहायला जड का जावं?

तेव्हा मला माहीत नव्हतं, ते आज सगळ्यांना सांगतो. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवायचा अधिकार वकिलाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना खटल्यात स्पष्ट केलं आहे. फी राहिली असेल तर तिच्या वसुलीचा वेगळा मार्ग आहे.

दुसरी गोष्ट टक्क्याची. भूसंपादनाचा मोबदला वाढवून देतो, त्यातला इतका टक्का माझा, असं कोणी वकील म्हणाला तर उठून या. निकालावर फी ठरवायला आणि मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणंही त्याच नियमांनी बंधनकारक आहे.

कोर्टाच्या फाटकावर गाठणारे दलाल आजचे नाहीत. मुंबईच्या फौजदारी कोर्टाबाहेर काही वकील स्वतःच पक्षकारांची ओढाताण करायचे. ते दाभोळकर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९७५ साली न्यायालयाने हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. वकिली कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तर दलालीला तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे.

न्यायाधीश साहेबांनाही हात जोडून सांगणं आहे. दिवाणी दाव्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, हे दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिलं आहे. पुढची तारीख पडते तेव्हा आमची एक दिवसाची मजुरी बुडते. तहकुबी मागणाऱ्यावर खर्च बसवा आणि तो वसूलही करा.

विधी महाविद्यालयांत व्यावसायिक नीतिमत्तेचा विषय सक्तीचा आहे. पोरं तो पाठ करून पास होतात. त्यांना एक महिना तालुका कोर्टाच्या व्हरांड्यात, सातबारा छातीशी धरून बसलेल्या म्हातारीशेजारी बसवा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे तिला तिथे सांगणारं कोणी नसतं.

गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते. वकिली कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली समज देण्यापासून सनद कायमची जाण्यापर्यंत शिक्षा आहे. गावातले चांगले वकील मला भेटले आहेत. त्यांनीच हे पत्रक आपल्या टेबलावर ठेवावं, ही विनंती.

वकीलपत्रावर सही करण्याआधी फी किती आणि कशाची, ते लिहून घ्या. पैसे दिले की पावती मागा. नाहीच मिळाली तर तारीख आणि रक्कम त्याच दिवशी वहीत मांडा, तक्रारीच्या वेळी ती वही लागेल.

— यवतचा एक शेतकरी पक्षकार