विश्लेषण : मंगळाचा एक चंद्र जवळ येतोय, दुसरा दूर जातोय… असे का?

पेण आणि रोहा यांच्यातील सरळ रेषेतले अंतर ३० किलोमीटरहून थोडे अधिक आहे. मंगळाचा मोठा चंद्र फोबोस या दोन शहरांच्या मध्ये सहज मावेल. त्याची लांबी सुमारे २७ किमी. धाकटा डिमॉस जेमतेम १५ किमीचा, म्हणजे पेणहून नागोठण्यापर्यंतही पुरणार नाही. ऑगस्ट १८७७ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ असाफ हॉल यांनी शोधलेल्या या दोन चंद्रांचे भवितव्य मात्र अगदी उलट आहे.

आकार ओबडधोबड का?

मोठ्या ग्रह-चंद्रांचे गुरुत्वाकर्षण खडकालाही सर्व बाजूंनी आत ओढून गोल करते. या दोघांचे वस्तुमान त्यासाठी फारच कमी. फोबोसवर सुमारे ९ किमी रुंदीचे स्टिकनी विवर आणि लांबच लांब खाचा आहेत. डिमॉसची विवरे मातीने बुजल्याने तो तुलनेने गुळगुळीत दिसतो.

फोबोस खाली का येतोय?

याचे उत्तर भरती-ओहोटीच्या नियमात आहे. पेणजवळच्या धरमतर खाडीत किंवा रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या खाडीत भरती आणणारा आपला चंद्र पृथ्वीच्या फिरकीपेक्षा सावकाश प्रदक्षिणा घालतो. त्यामुळे भरतीच्या फुगवट्याची ओढ त्याला पुढे रेटते आणि तो दरवर्षी सुमारे ३.८ सेंमी दूर जातो. डिमॉसची प्रदक्षिणा सुमारे ३० तासांची, तर मंगळाची फिरकी २४ तास ३७ मिनिटांची. म्हणून तोही हळूहळू दूर जातो. फोबोस मात्र ७ तास ३९ मिनिटांतच फेरी पूर्ण करतो. मंगळावरचा फुगवटा मागे पडून त्याला मागे खेचतो. परिणामी तो शंभर वर्षांत सुमारे १.८ मीटर खाली येतो. सुमारे ५ कोटी वर्षांत तो मंगळावर आदळेल किंवा फुटून त्याचे कडे बनेल.

भारताने काय पाहिले?

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. त्याची लांबट कक्षा डिमॉसच्याही पलीकडे जात असल्याने डिमॉसची मंगळापासून पाठ फिरवलेली बाजू टिपता आली. १ जुलै २०२० रोजी त्याने सुमारे ४,२०० किमीवरून फोबोसचे छायाचित्र घेतले.

हे चंद्र आले कुठून?

ते मंगळाने पकडलेले लघुग्रह असावेत, हे एक मत. मंगळावरील प्रचंड टकरीत उडालेल्या खडकांतून ते घडले, हे दुसरे. वाद मिटवायला त्यांची मातीच हवी. जपानची ‘एमएमएक्स’ मोहीम फोबोसवरून ती पृथ्वीवर आणण्यासाठीच आखली आहे. ती मंगळाच्या खडकांशी जुळली, तर फोबोसचे खाली येणे म्हणजे मंगळाचाच तुकडा घरी परतणे ठरेल.